फुलावर न बसणारी माशी

11 जून 2024

हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आठ दिवस झाले. टाके कोरडे आहेत. आज वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत गेली, ओट्याला हात लावून परत आली. वेताळ टेकडी किती महिने बंद, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. हिने विचारलंही नाही.

मला म्हणाली, "तुम्ही जा. आल्यावर काय दिसलं ते सांगायचं. 'काही नाही' चालणार नाही."

12 जून

कांचन गल्लीतून वर. शनिवारच्या पावसात एक ग्लिरिसिडिया आडवा झालाय. आधीपासूनच वाळका असावा. वाट अडली आहे, लोक ओलांडून जातात.

घरी येऊन सांगितलं: एक मोर, चार कुत्री, भरपूर चिखल.

"म्हणजे काही नाही," ही म्हणाली.

13 जून

आज भिंग दिलं. तिच्या कॉलेजातलं, दहापट दाखवणारं, काळ्या दोरीचं.

गल्लीच्या तोंडाशी रुईचं झुडूप आहे. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा. दहा मिनिटं वाकून उभा राहिलो. एक रिक्षावाला थांबून विचारून गेला, काका, काय पडलंय का?

माव्यात एक हिरवट अळी. पाय नाहीत, डोकं म्हणावं असंही काही नाही. निमुळतं टोक आंधळ्यासारखं इकडेतिकडे फिरवते. मावा लागला की त्याला उचलून अधांतरी धरते. तो हवेत पाय झाडतो. मिनिटाभरात नुसतं साल उरतं. ते टाकते, पुढचा शोधते. अकरा मोजले. मग पाठ दुखायला लागली.

त्याच झुडपासमोर हवेत एका जागी टांगल्यासारखी एक माशी. पोटावर पिवळे पट्टे. मी आधी मागे सरलो.

ही हसली. "गांधीलमाशीचं सोंग आहे ते. नांगी नाही. पंख मोजा, दोनच असतील. गांधीलमाशीला चार. अळीची आई तीच, मावा बघून अंडी घालते. इस्किओडॉन असेल."

14 जून

सिरफिड. या माश्यांच्या अख्ख्या कुळाचं हे नाव. माझ्या हाताखालून शंभरदा गेलेला शब्द.

2002 साली उसावर लोकरी मावा आला, तेव्हा एका शेतीमासिकाची प्रुफं माझ्याकडे असत. दर अंकात मित्रकीटकांची यादी: कोनोबाथ्रा, मायक्रोमस, सिरफिड. एक लेखक सिरफिड लिही, दुसरा सायरफिड, तिसरा सिर्फीड. मी सगळीकडे एकच करून टाकलं. शुद्ध छापलं गेलं.

माशी काल पाहिली.

16 जून, रविवार

आडव्या खोडाची साल एका जागी सुटली होती. अंगठ्याने जरा उचलली. आतून मुंग्यांचा लोंढा. बारीक, काळपट. चिडल्या की पोट उलटं करून डोक्यावर घेतात आणि तशाच पळतात. पोट पत्त्यातल्या बदामासारखं.

त्यांच्या मधोमध दोन वस्तू चिकटलेल्या. अर्ध्या वाटाण्याएवढ्या. वरून घुमट, खालून सपाट. करड्या रंगावर जाळीसारखी नक्षी. मुंग्या त्यांच्यावरून खुशाल चालत होत्या.

गोगलगाय? खवलेकीड? फोटो काढला. साल होती तशी बसवली. हाताला सात-आठ चावे.

फोटो हिने बराच वेळ पाहिला. मोठा केला, पुन्हा लहान केला.

"मागच्या बाजूला बोंडासारखं काही होतं का?"

पाहिलं नव्हतं.

17 जून

होतं. मध्यभागी, मागच्या टोकाकडे, टाचणीच्या डोक्याएवढं बोंड.

आणि वस्तू हलते. वीस मिनिटांत तांदळाच्या दाण्याएवढी सरकली. कडेला बारीक झालर आहे, तीच जमिनीला टेकलेली.

हे सांगितलं तशी ही वॉकर सोडून उठायला गेली. कशीबशी बसवली.

"अहो, ती गोगलगाय नाही. माशीची अळी आहे. मायक्रोडॉन, किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी कुणी. सिरफिडच, पण मुंग्यांच्या घरात वाढणारी."

चोवीस वर्षं कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात हिने बाटल्या पुसल्या, भरल्या, लावल्या. ही अळी एकदाच पाहिली होती. स्पिरिटमध्ये. बाटलीवरची चिठ्ठी उडून गेलेली. कुठली, कधीची, कोणत्या मुंग्यांतली, काहीच कळायला मार्ग नव्हता. शेवटी ती बाटली रिकामी करून दुसऱ्या कामाला घेतली.

"मीच रिकामी केली," म्हणाली.

18 जून

गोगलगाय म्हणालो याबद्दल मला माफी आहे. 1820 च्या दशकात बव्हेरियात स्पिक्स नावाच्या गृहस्थांना हीच अळी सापडली, त्यांनी तिला मृदुकाय प्राणी म्हणून नवं नाव दिलं. जर्मनीतल्याच फॉन हायडेन यांनी वेगळं नाव दिलं, तेही गोगलगायीच्याच गोतातलं. स्पिक्स साधा माणूस नव्हे, तीन वर्षं ब्राझील पालथा घालून आलेला. माशीला मायक्रोडॉन हे नाव तोवर मिळून गेलेलं होतं, 1803 मध्ये, माइगेनकडून. घुमटातून ती माशी निघते हे यांना ठाऊक नव्हतं.

एकाच जिवाची दोन खाती. एक माश्यांत, एक गोगलगायींत.

माझ्या धंद्यात याला पुनरुक्ती म्हणतात.

20 जून

सकाळभर झिमझिम. साल उचलली नाही, ओल आत जाईल. नुसता जाऊन आलो.

खाते काय, ते आज विचारलं. मुंग्यांची पोरं. अंडी, अळ्या, कोश. त्यांच्याच घरात बसून त्यांचीच. आणि त्या काही करत नाहीत?

"अंगाला त्यांच्यासारखाच वास असतो. अमेरिकेत सुतारमुंग्यांच्या घरातल्या मायक्रोडॉनच्या अळ्या तपासल्या होत्या, 1990 च्या सुमाराला. अंगावरचा मेणाचा थर मुंग्यांच्या पिल्लांशी जुळला. मुंगी डोळ्यांनी थोडीच ओळखते? मिशी लावते, वास घेते, आपलं पोर म्हणते, पुढे जाते."

रात्री जेवताना दोघंही गप्प. मी त्या मुंग्यांचा विचार करत होतो. ही कुणाचा, माहीत नाही.

22 जून

दोघींपैकी एक बदलली. रंग गडद, चिंचोक्यासारखा. कातडं कडक. पुढच्या बाजूला दोन बुटकी शिंगं.

"कोश झाला. शिंगांतून श्वास घेते."

तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली. दुधाच्या हिशेबाशेजारी.

23 जून

"हातात आणून दाखवू का एकदा?"

"नाही. टेकडी वनखात्याची आहे. आणि घर मोडून आणलेला पाहुणा काय बघायचा?"

25 जून

कोश तसाच. मुंग्या तशाच. दुसरी अळी तशीच.

चढताना माझं हृदय जास्त धडधडतं. हिला सांगितलं नाही.

27 जून

एरंडवण्यात झिकाचे रुग्ण. पेपरात पहिल्या पानावर. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं.

28 जून

डासांची तपासणी करायला दोघं आले. कुंड्यांच्या ताटल्या, कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे. मग गच्चीवरची बादली. पालापाचोळा भिजत घातला होता, खतासाठी, मेपासून. पाण्याचा काळा काढा झालेला.

"काका, अळ्या!"

अळ्या होत्याच. पण डासांच्या नव्हेत. पांढुरक्या, जाड, प्रत्येकीला लांब शेपटी. शेपटी म्हणजे नळी, दुर्बिणीसारखी लांबते-आखडते. अंग तळाच्या घाणीत, नळीचं टोक पृष्ठभागावर. सिरफिडच, पण वेगळं घराणं. हे मी आता सांगू शकतो. सांगितलंही. पोरगा शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "पाणी ओतावं लागेल."

ओतलं. त्याचं बरोबरच होतं. बादलीच्या कडेला डासांच्याही अळ्या होत्या.

ही खिडकीतून ओरडली, "चार ठेवा!"

चार ठेवल्या. लोणच्याच्या बरणीत, काढ्यासकट. तोंडाला मलमलीचं फडकं, दोन रबरं.

29 जून

जुने ग्रीक-रोमन मेलेल्या बैलाच्या अंगातून मधमाश्या जन्मतात असं मानत. ओस्टेन साकेन नावाच्या माशीतज्ज्ञाने 1894 मध्ये अख्खं पुस्तक लिहून दाखवलं की त्या मधमाश्या नव्हत्याच, मधमाशीसारख्या दिसणाऱ्या या शेपटीवाल्या अळीच्या माश्या होत्या. कुजक्या पाण्यातून निघालेल्या.

हिच्या उशाशी बरणी. पाहुणे आले की फडक्यावर वर्तमानपत्र टाकते.

30 जून, रविवार

पालख्या आल्या. टाळांचा आवाज लांबून येत होता. दरवर्षी आम्ही लकडी पुलाशी उभे असतो. यंदा ही खुर्चीत, मी खुर्चीशेजारी.

टेकडीवर गेलो नाही.

2 जुलै

संध्याकाळी धुराचं यंत्र गल्लीतून गेलं. सगळ्यांनी खिडक्या लावल्या. बरणी न्हाणीघरात नेऊन दार लावलं, खालच्या फटीला ओला टॉवेल.

धूर ओसरल्यावर पहिल्यांदा आठवली ती रुई.

3 जुलै

रुईवर मावा आहे. हवेत टांगलेलं कुणी नाही. पाऊस होता म्हणूनही असेल.

4 जुलै

कोश रिकामा.

पुढचं झाकण उघडून बाजूला पडलेलं, दोन्ही शिंगं त्याच्यासकट. आत पांढरं, कोरडं, स्वच्छ. कोणीतरी आवरून गेल्यासारखं.

22 जून ते 4 जुलै, बारा दिवस. काल संध्याकाळी होता. आज साडेसातला मी पोचलो, तेव्हा नव्हता.

आजूबाजूच्या पानांवर शोधलं. घाणेरीच्या फुलांवर शोधलं. पाऊण तास.

5 जुलै

कवच आणलं. काडेपेटीत, कापसावर. हिने भिंगाखाली अर्धा तास फिरवून पाहिलं. फिजिओवाली बाई आली, ताटकळली.

"फुलांवर का शोधलंत?"

फूलमाशी म्हणतात ना हिच्या जातभाईंना.

"ही नाही जात फुलांवर. तोंड कामापुरतंसुद्धा नसतं. पोटभर खाणं अळी असतानाच झालेलं. माशी होऊन ती खोडापासून लांबही फारशी जात नाही. जवळ गवतावर, एखाद्या पानावर बसून राहते. तुम्ही घाणेरीत शोधत होतात तेव्हा ती तुमच्या गुडघ्याशी असेल."

गुडघा म्हणाली आणि थांबली.

8 जुलै

बरणीतली एक अळी तीन दिवसांपूर्वी काढ्यातून वर चढली होती. हिने वाटीत भुसभुशीत माती घालून दिली, तिच्यात शिरली. उरलेल्या तिघींचं काही खरं दिसत नाही.

12 जुलै

लेकीने बंगळुरूहून एक शोधनिबंध पाठवला. आईला. मी वाचून दाखवला, मध्ये मध्ये ही मराठी करत होती.

इंग्लंड-आयर्लंडमधली एक मायक्रोडॉन. मुटाबिलिस. वर्षानुवर्षं एकच जात समजत होते. मग कुणीतरी पाहिलं की काही अळ्या एका मुंगीच्या घरात असतात, काही अगदी वेगळ्या मुंगीच्या. कोश शेजारी ठेवून पाहिले, तर शिंगं वेगळी. म्हणजे जाती दोन. दुसरीचं नाव ठेवलं मिर्मिकाय, तिच्या यजमान मुंगीवरून. माश्या मात्र समोरासमोर ठेवल्या तरी वेगळ्या ओळखता येत नाहीत.

सालही 2002.

तेव्हा मी सिरफिडच्या वेलांट्या मोजत होतो.

ही काडेपेटी उघडून शिंगांकडे बघत बसली.

14 जुलै, रविवार

सालीखाली दुसरी अळी अजून अळीच. मुंग्यांची पोरं तिच्याभोवती कमी झालीत की मलाच तसं वाटतं?

मुंग्यांचं नाव हिने लावलं. क्रेमॅटोगॅस्टर. बदामी पोट आणि ते डोक्यावर घेण्याची खोड, एवढ्यावर गण कळतो. जात नाही.

म्हणाली, सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी पुण्यातच एक वनाधिकारी मुंग्या गोळा करत असे. रॉटन. 1892 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याने भारतातल्या मुंग्यांवर लिहिलं. नमुने स्वित्झर्लंडला, फोरेल नावाच्या डॉक्टरकडे जात. फोरेलने एका क्रेमॅटोगॅस्टरला त्याचंच नाव दिलंय.

याच टेकडीवर फिरला असेल?

"फिरला असेलही. त्याने साल उचलली असेल, मुंग्या घेतल्या असतील, आणि ही चिकटलेली वस्तू बघून म्हणाला असेल, गोगलगाय."

15 जुलै

मातीच्या वाटीतून माशी निघाली. सकाळी फडक्याला आतून धडका. मधमाशीपेक्षा थोडी लहान, पोटावर पिवळसर पट्टे, आणि डोळे! भिंगातून पाहिले. डोळ्यांवर उभ्या रेघा, इरकली काठासारख्या. एरिस्टॅलिनस.

फडकं काढलं. खोलीत दोन फेऱ्या घातल्या, ट्यूबलाइटला आपटली, खिडकीतून बाहेर. गॅलरीतल्या तुळशीच्या मंजिरीवर बसली आणि लगेच खायला लागली.

ही काठी घेऊन तिच्या मागे गॅलरीत गेली. वॉकर पलंगापाशीच राहिला होता. आम्हा दोघांच्या नंतर लक्षात आलं.

17 जुलै, आषाढी

दुसरीचा कोश झाला. चिंचोका, दोन शिंगं.

17 अधिक 12. कॅलेंडरवर 29 ला गोल केला.

साबुदाण्याची खिचडी जमली. बटाटा कच्चा होता म्हणते.

19 जुलै

टेकडीवर एक गृहस्थ रोज भेटतात. आज विचारलंच, "रोज या ओंडक्यापाशी कसली पूजा करता?"

सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकलं.

"पण उपयोग काय तिचा?"

रुईवरच्या माशीचा सांगता आला असता. हिचा नाही आला. ही मावा खात नाही, परागीभवन करत नाही, मध देत नाही. मुंग्यांची पोरं खाते आणि पानावर बसते.

घरी विचारलं.

"रस्ता येणार म्हणतात ना टेकडीवरून, बालभारतीकडून पौड फाट्याला. तेव्हा तिथे काय काय आहे याची यादी करतील. त्या यादीत ही नसेल. एवढंच."

21 जुलै

पाऊस थांबेना. जाऊन आलो. बूट दारात उलटे.

24 जुलै

रात्रभर धो धो. झोप नाही, हिलाही नाही. खोडाची साल सुटून वाहून गेली तर?

25 जुलै

खडकवासल्यातून पाणी सोडलं. सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत शिरलं. भिडे पूल पाण्याखाली. पुलाच्या वाडीत तिघे शॉक लागून गेले, गाडी हलवताना. अंडाभुर्जीची गाडी.

माशीबद्दल आज दोघांपैकी कुणीच बोललो नाही.

27 जुलै

वाट मोकळी. म्हणजे खोड कुणीतरी करवतीने कापून वाटेवरून दूर ढकललंय. तीन तुकडे.

गुडघे टेकून एकेक पाहिला. पहिल्याला साल नाही. दुसऱ्यात मुंग्या नाहीत. तिसरा करवंदीच्या जाळीत, अर्धा पालथा. साल आहे. मुंग्या आहेत. कोश आहे.

पालथाच राहू दिला. साल बोटभर सैल केली, म्हणजे वाकून आत बघता येईल.

हाताला अकरा चावे. हिने कोकम लावलं.

28 जुलै, रविवार

पाच वाजता टॉर्च घेऊन गेलो. काही नाही. कुत्र्यांनी खालपर्यंत सोबत केली.

29 जुलै

पाच दहाला पोचलो. अंधार. पाऊस नाही, झाडांवरून थेंब. टॉर्चला लाल फडकं बांधलेलं, हिची सूचना.

पाच पन्नासला कोशाच्या पुढच्या बाजूला चीर. आधी मला वाटलं नजरेचा खेळ. मग झाकण वर उचललं गेलं, शिंगांसकट. आतून फिक्कट, ओलं काहीतरी ढकलत बाहेर. पंख म्हणजे चुरगळलेला कागद.

ती सालीच्या फटीकडे चालू लागली. उडता येत नव्हतं, चालत होती. एक मुंगी आडवी आली, मिशा लावल्या, आणि मागचा पाय धरला. आजवर त्याच मुंग्या तिच्या पाठीवरून चालत होत्या. माशीने पाय झटकला. पुन्हा धरला. पुन्हा झटकला. फटीतून बाहेर, करवंदीच्या काटकीवर, वर, आणखी वर, पानाच्या खालच्या अंगाला. तिथे थांबली.

सहा वाजून पाच. उजाडलं.

पंख पसरायला अर्धा तास लागला. रंग हळूहळू भरत गेला. काळपट तपकिरी, पाठीवर सोनेरी लव. सेंटीमीटरभर. मिशा लांब, पुढे रोखलेल्या. रुईवरच्या माशीला मिशा आहेत की नाही असं वाटतं, हिला पहिल्यांदा मिशाच दिसतात. पाठीच्या मागच्या कडेला दोन बारीक दाते. मायक्रोडॉन, इवल्या दाताची. माइगेनने नाव कशावरून ठेवलं ते दिसलं.

हवेत टांगून राहणं नाही, भणभण नाही. बसून होती.

सहा फोटो. चार हलले.

सात वाजता मान वळवून बाटलीतलं पाणी प्यायलो. पुन्हा पाहिलं तर पान रिकामं.

30 जुलै

हिने दहा वेळा विचारलं. मिशांची पेरं किती? शेवटचं पेर लांब की पहिलं? पंखातली ती आडवी शीर कशी वळते? पोट बुडाशी आवळलेलं की सरळ?

माहीत नाही. माहीत नाही. पाहिलं नाही. सरळ, बहुतेक.

ब्रुनेटीच्या पुस्तकाची झेरॉक्स काढली. फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया, माश्यांचा तिसरा खंड, 1923. ब्रुनेटी पोटासाठी वाद्य वाजवत असे आणि हौस म्हणून माश्या ओळखत असे. माश्यांची अख्खी रांग त्याने लावली. त्याच्या तक्त्यात आम्ही तिसऱ्या पायरीला अडकलो. पुढच्या पायरीला माशी हातात लागते. टाचणीवर.

"धरायला हवी होती का?" मी विचारलं.

ती बराच वेळ बोलली नाही.

"धरली असती तर नाव लागलं असतं. आकुर्डीला झूऑलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहे, तिथे कुणी बघितलं असतं. रीतसर परवानगी काढून, नीट टाचून. तशीच लागतात नावं. मी चोवीस वर्षं तेच केलं." मग म्हणाली, "पण अख्ख्या टेकडीवर आपल्याला दोनच दिसल्या."

11 ऑगस्ट

काठी घेऊन ही कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत गेली. येताना रुईपाशी थांबली. मी शंभर पावलं मागे होतो, मुद्दाम.

हवेत टांगलेल्या दोन. बोटांनी खूण केली.

7 सप्टेंबर

गणपती. आरतीला उभी राहिली, पाचही आरत्या.

15 सप्टेंबर, रविवार

कांचन गल्लीतून वर, तिघं: ती, काठी, मी. पहिल्या बाकापर्यंत अठरा मिनिटं. दुसऱ्यापर्यंत आणखी पंचवीस. तेरडा फुललाय. तेरड्यावर इस्किओडॉन, एक बारीक पॅरागस, आणि रेघाळ डोळ्यांची एक. तिघींची नावं तिने चालता चालता घेतली.

ओंडका मी दाखवला. ती करवंदीसमोर दगडावर बसली. साल उचलू दिली नाही.

अर्धा तास बसलो. मुंग्या ये-जा करत होत्या. कुणी पोट डोक्यावर घेतलं नाही.

पानांच्या खालच्या अंगाला तिने पाहिलं, प्रत्येक पान. काही नव्हतं.

22 सप्टेंबर

काडेपेटी बदलली. आता काचेची छोटी नळी, बूच, कापूस, कवच. शिंगं शाबूत.

चिठ्ठी मी लिहिली, पेन्सिलने. शाई उडते. अक्षर जमेल तितकं बारीक:

वेताळ टेकडी, पुणे. पडलेल्या ग्लिरिसिडियाच्या सालीखाली. क्रेमॅटोगॅस्टर मुंग्यांच्या घरात. कोश 22 जून 2024, माशी बाहेर 4 जुलै 2024, सकाळी साडेसातपूर्वी.

जातीच्या जागी मी प्रश्नचिन्ह घातलं.

हिने ते खोडलं. म्हणाली, तिथे जागा सोडायची असते, पुढच्याला लिहायला.